जो हात खेळतो, तोच हात घर चालवतो

चाळिशी ओलांडलेल्या आपल्या माणसांनी बॅडमिंटन खेळावे, असे आम्ही ठामपणे म्हणतो. पण कोणत्या रॅकेटने खेळावे, हेही तितक्याच ठामपणे सांगणे भाग आहे. धुणीभांडी, रंगकाम, गवंडीकाम, शिवणकाम, झाडलोट, सगळे आपल्या हातावर चालते. ज्याचे काम खुर्चीत बसून होते, त्याचे कोपर दुखले तर त्याचा खेळ थांबतो. आपले कोपर दुखले तर रोजी थांबते. म्हणून रॅकेट निवडताना आधी हाताला आराम, मग शटलवर ताबा आणि सर्वांत शेवटी फटक्याचा जोर, हा क्रम आपण सोडता कामा नये. दुकानात हाच क्रम उलटा करून सांगितला जातो.

या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले आणि तेव्हा त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. पुढे तो क्लब आणि जिमखान्यांच्या भिंतीआड गेला. तिथे सभासदांनाच प्रवेश. आज तो पुन्हा उघड्यावर आला आहे. विहारासमोरच्या पटांगणात, दोन खांबांना दोरी बांधून, गल्लीच्या दिव्याखाली पोरे खेळतात. मोठी माणसे मात्र कठड्यावर बसून बघतात आणि बाया तर बघायलाही थांबत नाहीत. हे बदलायला हवे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ८० हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये, त्या काळात मृत्यू येण्याचा धोका न खेळणाऱ्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी दिसला. असे खेळणारे बऱ्याचदा खाऊनपिऊन सुखी असतात, त्यामुळे सगळे श्रेय रॅकेटला देता येणार नाही. तरीही मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोचले असताना ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आता कोपराचे पाहू. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका दोरीसारख्या भागाने, म्हणजे कंडरेने, जोडलेले असतात. वय वाढते तशी ही कंडरा ताठर होते आणि तिची झीज भरून यायला वेळ लागतो. तिच्यावर वारंवार ताण पडला की जे दुखणे जडते त्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. ओली चादर पिळणे, भिंतीला ब्रश मारणे, पाना फिरवणे, यानेच ते होते. म्हणजे आपण संध्याकाळी खेळायला उतरतो तेव्हा ही कंडरा दिवसभर राबून आलेली असते. तिच्यावर चुकीच्या रॅकेटचा भार टाकायचा नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या घरात रॅकेट येते ती दोन वाटांनी. एक, चार-पाचशे रुपयांत मिळणारी पोलादी दांडीची जोडी. तिचे वजन अनेकदा ९५ ग्रॅमच्या पुढे असते आणि प्रत्येक फटक्याचा झणका थेट मनगटात उतरतो. दुसरी, मुलाने वापरून टाकलेली. मुलगा स्मॅश मारणारा, म्हणून त्याने डोक्याकडे जड, ताठ दांडीची आणि घट्ट गटिंगची रॅकेट घेतलेली असते. त्याने नवी घेतली की जुनी आईकडे येते. फुकट मिळाली म्हणून आई खेळते. पण तिच्या हाताला याहून गैरसोयीची रॅकेट शोधून सापडणार नाही.

मग पाहायचे काय? पहिले, वजन. चांगल्या रॅकेटवर मुठीच्या वर एक आकडा आणि 'यू' हे अक्षर छापलेले असते. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढतो तसे वजन घटते. चाळिशीनंतर नव्याने खेळणाऱ्यांनी ४यू घ्यावी. खांदा आधीच दुखत असेल तर ५यू. ५यू ला जोर थोडा कमी मिळतो, पण जाळीजवळचे शटल वेळेवर गाठता येते.

दुसरे, तोल. एकाच वजनाच्या दोन रॅकेटही हाताला वेगळ्या लागतात. शाळेच्या मोजपट्टीने मुठीच्या बुडापासून २९ सेंटिमीटर मोजा आणि तिथे बोटावर रॅकेट आडवी ठेवा. स्थिर राहिली तर तोल मधला. जाळीचा भाग खाली झुकला तर ती डोक्याकडे जड. अशा रॅकेटने मागच्या रेषेवरून शटल लांब जाते, पण प्रत्येक वेळी ते वजन खांद्याला उचलावे लागते. आपल्यासाठी मधला तोल उत्तम. दुहेरीत समोरच्याला पुढे-मागे पळवणारा ताबा असला की दणक्याची फारशी गरज पडत नाही.

तिसरे, दांडी. लवचिक दांडी मागे वाकून पुढे येताना शटलला ढकलते, म्हणून सावकाश फिरणाऱ्या हातालाही ती जोर देते. ताठ दांडीला वेगवान मनगट लागते. ते नसेल तर माणूस खांद्याने जोर काढू पाहतो आणि तिथेच दुखणे सुरू होते. दुकानात स्पष्ट 'लवचिक दांडीची, पूर्ण ग्राफाइट' असे मागा. साधी चांगली रॅकेट साधारण दीड-दोन हजारांत मिळते.

चौथे, गटिंग. इथे अनेकांचा समज उलटा असतो. तार जितकी घट्ट तितका फटका जोरात, असे नाही. सैल तार शटलला उसळी देते, म्हणजे जोर तीच देते. घट्ट तार ताबा देते, पण फटका अचूक मधोमध बसला तरच. मध चुकला की धक्का हातात. मोठे खेळाडू २८-३० पौंडांवर गटिंग करतात, ते त्यांना शोभते. आपण २० ते २२ पौंडच सांगावे. मुलाची जुनी रॅकेटच वापरायची असेल, तर निदान गटिंग बदलून घ्या. थोड्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

पाचवे, ग्रिप. मूठ फार बारीक असली की बोटे ती आवळून धरतात आणि तो आवळलेला ताण कोपरापर्यंत चढतो. बारीक मूठ वरून ग्रिप गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ मात्र बारीक करता येत नाही. घामाने निसटणारी ग्रिप लगेच बदला. रॅकेट सैल धरा, बोटे फक्त फटक्याच्या क्षणी आवळा.

आपली काही मुले टेनिस क्लबात चेंडू उचलायला जातात आणि तिथली जुनी रॅकेट घरी येते. तिथे वजनाचा हिशेब निराळा आहे, हे ध्यानात ठेवा. शटल जेमतेम ५ ग्रॅमचे, टेनिसचा चेंडू मात्र सुमारे ५८ ग्रॅमचा. त्यामुळे टेनिसमध्ये अति हलकी आणि ताठ रॅकेट चेंडूच्या धक्क्याने थरथरते आणि हात दुखवते. वयस्कर खेळाडूला तिथे २८० ते ३०० ग्रॅमची, मोठ्या तोंडाची, मऊ चौकटीची आणि सैल, मऊ तारांची रॅकेट बरी. क्रम मात्र तोच: आराम, ताबा, जोर.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. एकट्या घराला दोन हजार जड जातात. पण आठ-दहा घरांनी किंवा महिला मंडळाने मिळून चार योग्य रॅकेट घेतल्या, तर दुहेरीचा सामना उभा राहतो. एका वेळी चौघेच खेळतात, तेव्हा प्रत्येकीची वेगळी रॅकेट कशाला हवी? आम्ही तर म्हणतो, वस्तीत खेळाचे साहित्य घ्यायला वर्गणी निघते तेव्हा त्यातल्या दोन रॅकेट चाळिशीवरच्यांच्या मापाने आणाव्यात. तरुणांचे सामने भरवताना मोठ्यांसाठी एक तास राखावा.

उतरण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. चपलेत खेळू नका. दहा मिनिटे अंग मोकळे करा. खेळताना छातीवर दाब आला, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर डाव तिथेच सोडून तडक दवाखाना गाठा. भरलेला तांब्या उचलताना कोपराची बाहेरची बाजू दुखू लागली, तर दोन आठवडे खेळ बंद ठेवा. हात टेबलावर पालथा ठेवा, पंजा कडेबाहेर असू द्या आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या आणि अगदी सावकाश खाली सोडा. असे दहा-पंधरा वेळा, रोज. सहा आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात दाखवा. कोपरात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई नको. त्याने काही आठवडे बरे वाटते, पण दुखणे उलटण्याचा संभव वाढतो. वेदनाशामक गोळ्या मनाने तर मुळीच खाऊ नका. रक्तदाब असणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला त्या महाग पडतात.

आपल्या आईवडिलांच्या पिढीने हात झिजवला तो फक्त कामासाठी. त्याच हाताने आता थोडे खेळावे, हा आपला हक्क आहे. दुकानात कोणी 'ही घ्या, हिचा स्मॅश जबरदस्त' म्हणाला, तर शांतपणे सांगा: स्मॅश राहू दे, उद्या सकाळी कामावर जायचे आहे, हाताला सोसेल ती दाखवा.