भुताची चित्रकथा आणि साथीदारांची नावे

चित्रकथा म्हणजे पोरांचा खाऊ आणि भूतकथा म्हणजे आगगाडीत वेळ घालविण्याचे साधन, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा रात्री जागून वाचणारे गृहस्थही चारचौघांत ते कबूल करायला बिचकतात. अशांच्या हाती मी ‘ब्लू इन ग्रीन’ हे इंग्रजी पुस्तक ठेवीन. अमेरिकेतील इमेज कॉमिक्सने ते २०२० साली प्रसिद्ध केले. लेखन राम व्ही यांचे, चित्रे मुंबईच्या आनंद आरके यांची, रंग जॉन पिअर्सन यांचे, अक्षरलेखन पुण्याच्या आदित्य बिडीकर यांचे आणि मांडणी टॉम म्युलर यांची.

कथा आहे एका सॅक्सोफोनवादकाची. मोठा कलावंत होण्याची उमेद सोडून तो संगीत शिकवीत बसला आहे. आई वारल्यावर तो घरी जातो, तेथे त्याला कोणा विस्मृत वादकाचे छायाचित्र सापडते, आणि त्याचा माग काढता काढता त्याची गाठ अशा काही शक्तीशी पडते, की जी अलौकिक वादन देते आणि त्याचे मोल माणसाकडूनच वसूल करते. मी स्वतः संगीतशिक्षक. तेव्हा कथा भिववून गेली त्याहून अधिक झोंबली.

पागानिनीने सैतानाशी सौदा केला, रॉबर्ट जॉन्सन चौरस्त्यावर आपला आत्मा विकून आला, आमचा तानसेन दीपक गाऊन पोळला. आख्यायिका सगळीकडे एकच. माझ्या मते तिने संगीताचे नुकसान केले आहे. मुलाला घेऊन येणारे पालक पहिल्याच दिवशी विचारतात, ‘याच्यात ते आहे का हो?’ ‘ते’ मला वीस वर्षांत दिसलेले नाही. दिसल्या त्या पलटे घोटण्याच्या कंटाळवाण्या सकाळी.

गंमत अशी, की हे पुस्तक झपाटलेल्या एकट्या कलावंताची कथा सांगते. पण ते स्वतः बनले आहे पाच जणांच्या मेळाने. मुक्या कागदावर वाद्य वाजवायचे कसे? चित्रकार आकृती मोडतो, रंग एकमेकांवर चढतात, आणि लय सांभाळतात ती अक्षरे. शब्द कोठे ठेवायचा, त्याच्यापुढे किती मोकळी जागा सोडायची, यावर वाचकाचा डोळा धावतो किंवा थबकतो. तबलजी सम दाखवितो तेच हे काम. नीट साधले तर कोणाच्या लक्षातही येत नाही!

माझे वडील विशीच्या आत निजामाच्या दरबारी सारंगीची साथ करू लागले. १९४८ नंतर ते दिवस सरले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. पुढे शहरात ते पुष्कळ मैफलींना बसले. त्यांच्या पेटीत जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिका मी पाहिल्या आहेत. गवयाचे नाव ठळक, खाली बारीक टाइपात ‘आणि साथीदार’. त्या साथीदारांतच वडील.

‘ब्लू इन ग्रीन’ हे नावच मुळी अशा एका वादातले आहे. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत त्या नावाची रचना आहे. श्रेय डेव्हिसला गेले. पियानोवर बसलेला बिल इव्हान्स मात्र ती आपली म्हणत राहिला.

चित्रकथेच्या जगाने या बाबतीत आपल्याहून बरे वळण पाडले आहे. २०२१ साली या पुस्तकाला आयझनर पारितोषिक मिळाले ते आनंद आरके आणि पिअर्सन या दोघांना मिळून. अक्षरलेखनाचे तर तेथे स्वतंत्र पारितोषिकच आहे. आपल्याकडे तानपुऱ्यासाठी कधी कोणी पारितोषिक ठेवल्याचे ऐकले आहे?

पुढील महिन्यात आमच्या विद्यार्थ्यांची मैफल आहे. पत्रिकेत तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोघी मुलींची नावे गाणाराच्याच टाइपात जुळवायला सांगितली, तर छापखानेवाले म्हणाले, ‘मास्तर, जागा पुरणार नाही.’ मी म्हटले, प्रमुख पाहुण्यांच्या पदव्या कमी करा.