उपवासाच्या दिवशीं इन्सुलीन बंद करावें काय?

शारदीय नवरात्र आलें कीं आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील वाटा तुळजापुराकडे वाहूं लागतात. घरोघरीं उपवास चालू असतात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा विषय आहे. त्याविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या घरांत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचें मूल आहे, तेथें अशा दिवसांत सहज उद्गार निघतो: "आज पोर जेवलें नाहीं, मग सुई कशाला?" हा उद्गार मायेचा खरा, पण तो मुलाच्या जिवावर बेतूं शकतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा रोग गोड खाल्ल्यानें जडत नाहीं. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वादुपिंडांतील इन्सुलीन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करिते. त्यांत ना मुलाचा दोष, ना आईबापांचा. जानेवारी १९२२ मध्यें टोरांटो येथें लिओनार्ड थॉम्पसन ह्या १४ वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलीन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें फार काळ जगत नसत. पण त्या इन्सुलिनाचा प्रभाव कांहीं तासांतच ओसरे. १९३६ सालीं डेन्मार्कच्या हागेडोर्न ह्यांनीं त्यांत प्रोटामीन मिसळून तो लांबविला. आजचें ग्लार्जीन सुमारें २४ तास पुरतें, डेग्लुडेक त्याहूनहि अधिक.

आतां मूळ प्रश्न. आपण उपाशी असतों, झोंपेंत असतों, तेव्हांहि यकृत रक्तांत साखर सोडीत असतें. त्यास आवर घालण्यास थोडें इन्सुलीन अहोरात्र लागतें. निरोगी देहांत तें स्वादुपिंड पुरवितें. ह्या मुलांत तेंच काम दीर्घकाल टिकणारें इन्सुलीन करितें. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें, तर जेवणाआधींचें शीघ्र इन्सुलीन म्हणजे पाण्याची पाळी, आणि हें दुसरें म्हणजे जमिनींतील ओल. पाळी गरजेप्रमाणें कमीजास्त होते. ओल मात्र रोज हवी. ती तुटली कीं चरबी वितळून कीटोन नांवाचीं आम्लें रक्तांत सांठतात. मग वांत्या, पोटदुखी, धाप आणि अखेर बेशुद्धि.

"पण साखर उतरली तर?" ही आईची भीति निराधार नाहीं. शीघ्र इन्सुलीन घेऊन जेवण चुकलें, तर साखर खरोखरच उतरते. म्हणूनच दोन सुयांतील भेद घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा. उपवासांत वा तापांत दीर्घकालीन इन्सुलिनाची मात्रा बदलावी लागेल. ती रक्त तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानें बदलावी. आपल्या मनानें बंद करूं नये. खरें तर आजाऱ्यास उपवास माफ, ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. ती मुलांसाठीं पाळण्यांत कमीपणा कसला?

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत असा सोबती असेल, तर त्याच्या सुईकडे टक लावून पाहूं नका. त्यास घाम सुटून हात कांपूं लागले, आणि तो शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचें पाणी पाजा व गुरुजींस बोलवा. आणि घरीं किंवा शेजारीं कोणी वरील उद्गार काढला, तर जमिनींतील ओलीची गोष्ट त्यांस नम्रपणें सांगा. वडीलमंडळी ऐकतील, असा आम्हांस विश्वास आहे.