१८ बाइटांची आटपाडी

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे नाव सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाताना १८ बाइट घेते. वाचणाऱ्याला त्यात ४ अक्षरे दिसतात. युनिकोड मात्र ६ चिन्हे मोजतो, कारण काना आणि वेलांटी तिथे वेगळ्या धरल्या जातात, आणि यूटीएफ-८ मध्ये त्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. एका भाषेतल्या प्रोग्रामचा रिस्पॉन्स दुसऱ्या भाषेतल्या सर्व्हरच्या साच्यात बसवणाऱ्या अडॅप्टरमधले किती तरी दोष याच तीन आकड्यांच्या गोंधळातून येतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली की ते दिसत नाहीत, कारण तिथे तिन्ही आकडे सारखेच निघतात.

कंटेंट-लेंग्थ या हेडरमध्ये बाइटांची संख्या द्यायची असते. पीएचपीचे स्ट्रलेन बाइट मोजते, तर पायथन ३ चे लेन स्ट्रिंगमधली चिन्हे मोजते. जुना हिशेब ओळीला ओळ लावून पायथनमध्ये आणला, तर हेडरमध्ये १८ ऐवजी ६ जातात. ब्राउझर ६ बाइट घेऊन थांबतो आणि पडद्यावर फक्त ‘आट’ उरते.

सर्व्हर आणि प्रोग्राम यांना जोडणारे ठरलेले साचे असतात: पायथनचे डब्ल्यूएसजीआय २००३ चे, रुबीचे रॅक २००७ चे. दोन्हींची मांडणी स्टेटस, हेडर आणि बॉडी अशीच असल्याने अडॅप्टर पंधरा-वीस ओळींत संपेल असे वाटते. पण रॅकला स्टेटस पूर्णांक लागतो, डब्ल्यूएसजीआयला आकडा आणि त्यापुढचे शब्द मिळून स्ट्रिंग. डब्ल्यूएसजीआयमध्ये हेडर जोड्यांच्या यादीत येतात, म्हणून सेट-कुकी दोनदा आली तरी चालते. रॅकमध्ये हेडर हॅशमध्ये असतात. तिथे दुसरी कुकी पहिलीवर बसते. दोन्ही स्वल्पविरामाने जोडणे हा उपाय नव्हे, कारण कुकीच्या मुदतीच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. रॅक ३ पासून अशा वेळी मूल्य म्हणून अ‍ॅरे देता येतो. जुन्या रॅकमध्ये दोन कुक्यांच्या मध्ये नवी ओळ घालत.

सातबाऱ्याची पीडीएफ ‘आटपाडी’ या नावाने उतरावी, एवढी साधी मागणी असली तरी हेडरमध्ये देवनागरी थेट ठेवता येत नाही. पायथन ३ मध्ये डब्ल्यूएसजीआयचे हेडर लॅटिन-१ च्या मर्यादेत बसावे लागतात. फाइलनेम-तारांकित (filename*) हा प्रकार वापरून नावाचे बाइट टक्केचिन्हांत लिहिणे हाच सरळ मार्ग आहे.

सर्वांत फसवा दोष तुकड्यांचा. बॉडी ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग करणारा कोड आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. २ च्या कोणत्याही घाताला ३ ने पूर्ण भाग जात नाही. सलग देवनागरी असेल तर पहिल्याच तुकड्यात १३६५ चिन्हे पुरी होऊन १ बाइट उरतो. तो अर्धवट बाइट चौकटीत किंवा प्रश्नचिन्हात बदलतो आणि मूळ अक्षर कायमचे जाते.

म्हणून आमचे म्हणणे ठाम आहे: अडॅप्टरने बॉडी उघडू नये. आलेले बाइट तसेच पुढे द्यावेत, आणि काम संपल्यावर बॉडीचे क्लोज आठवणीने बोलवावे. ते राहिले तर मागची फाइल किंवा डेटाबेसची जोडणी उघडीच राहते. बॉडी ‘साफ’ करणारा अडॅप्टर तर मराठीला हमखास दगा देतो. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द काहीजण ऱ वापरून टंकतात, काहीजण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढले की ‘शेतकर्यांचा’ असे चुकीचे रूप छापले जाते. युनिकोडचे सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही.

जेसनचेही असेच. पायथन आणि पीएचपी मूळ सेटिंगमध्ये ‘आटपाडी’ एस्केप खुणांत (\u आणि चार आकडी कोड) लिहितात, तेव्हा तिचे ३६ बाइट होतात. रुबी १८ च ठेवते. अर्थ एकच, पण बाइटांवरून काढलेला ईटॅग किंवा सही जुळणार नाही. स्थलांतराच्या काळात जुना आणि नवा सर्व्हर ताडून पाहताना जेसन आधी उलगडावे, मगच तुलना करावी. बाकी सर्व मजकूर बाइटाला बाइट लावून पाहावा.

चाचणीच्या फाइलीत दिघंची, खरसुंडी, शेटफळे, माडगुळे ही याच तालुक्यातली गावे घाला. दिघंचीचे १८ बाइट भरतात, खरसुंडीचे २१. त्यांच्याबरोबर २०४ आणि ३०४ चे रिकामे रिस्पॉन्सही ठेवा, कारण त्यांना बॉडी असतच नाही आणि नवा अडॅप्टर ती हौसेने जोडतो.