क्वांटम चिपच्या बातमीमागे १९७१ चं चुंबकाचं गणित. काय आहे 'गेज ड्युअॅलिटी'?

गुगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटची 'विलो' चिप जाहीर केली. चर्चा झाली ती वेगाची. पण महत्त्वाची बाब दुसरीच होती. क्युबिटची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केल्यावर चुकांचं प्रमाण दर टप्प्याला जवळपास निम्मं झालं. एरवी यंत्राचे भाग वाढले की बिघाड वाढतात. इथे उलट कसं झालं?

चुंबकाचा संबंध काय?

चुंबकात अणूंची टोकं एका दिशेने लागतात. तापवलं की ही शिस्त मोडते. पदार्थाची अवस्था अशा शिस्तीवरूनच ओळखायची, हा जुना नियम.

१९७१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ वेग्नर यांनी दाखवलं की, चुंबकाच्या एका साध्या मॉडेलचं गणित जसंच्या तसं एका गेज सिद्धांतात बदलता येतं. गेज सिद्धांत म्हणजे ज्यात वर्णनाचा काही भाग जागोजागी बदलला तरी वास्तव बदलत नाही. एकाच गणिताच्या अशा दोन रूपांना ड्युअॅलिटी म्हणतात. चुंबकाची अवस्था बदलते हे माहीत होतं, म्हणून गेज सिद्धांतातही ती बदलते हे कळलं. पण तिथे बोट ठेवून दाखवता येईल अशी शिस्तच नव्हती.

मग माहिती कुठे ठेवतात?

१९९७ मध्ये अलेक्सेई किताएव यांनी याच अवस्थेवर 'टोरिक कोड' मांडला. मेदुवड्यासारख्या, मधे भोक असलेल्या पृष्ठभागावर या अवस्थेची समान ऊर्जेची चार रूपं असतात. एखाद्या ठिकाणी तपासून ती वेगळी ओळखता येत नाहीत, त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या धक्क्याने पुसलीही जात नाहीत. चुंबकाच्या बाजूला मात्र एकच रूप असतं. म्हणजे ड्युअॅलिटी ऊर्जेचा हिशेब जुळवते, पण हा फरक तिच्यातून निसटतो. माहिती साठवली जाते ती नेमकी या फरकात.

गुगलच्याच गटाने २०२१ मध्ये ३१ क्युबिटवर ही अवस्था घडवली. 'विलो'मध्ये वापरलेला 'सरफेस कोड' हे तिचंच सपाट रूप. जाळी मोठी झाली की माहिती पुसायला चुकांची तेवढीच लांब साखळी लागते. अट एकच, प्रत्येक क्युबिटच्या चुका ठरावीक मर्यादेखाली हव्यात.

भारतासाठी याचा अर्थ काय?

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचं आहे. मथळ्यात हाच आकडा येईल. पण पुढच्या घोषणेत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: क्युबिट वाढवल्यावर चुका कमी झाल्या का?