चाचांचा दादरा

आमचे चाचा धुळ्यात चाळीसेक वर्षं ढोलक वाजवत होते. कव्वाली, उरूस, लग्नाची वरात, श्रावणातली कानबाईची गाणी, जिथून बोलावणं येईल तिथे जायचे. (संगीत जायज की नाजायज, या वादात मला आज पडायचं नाही. तो वाद घालणाऱ्यांच्या घरच्या लग्नातही चाचा वाजवून आलेत.) जळगावला माझ्याकडे आले की माझ्या सिक्वेन्सरकडे संशयानं बघायचे. मी त्याला डबा म्हणतो. हा डबा आवाज साठवत नाही. कोणतं पॅड दाबलं, किती जोरात आणि नेमकं कधी, एवढंच लिहून ठेवतो.

एका संध्याकाळी मी चाचांना त्याच्या रबरी पॅडवर दादरा वाजवायला लावला. नाक मुरडत का होईना, बोटांनी सुंदर वाजवला. ठोके थोडे मागेपुढे आहेत असं मला वाटलं. मी क्वांटाइझचं बटण दाबलं आणि ऐकवलं. चाचांनी कान दिला आणि विचारलं, "बेटा, ये किसने बजाया?"

आम्ही हसलो. मग मी मूळ ठेका परत आणायला गेलो, तर तो नव्हताच. डब्यानं जुन्या वेळा पुसून त्याच जागी नव्या लिहिल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या हातचं माझ्याकडे आता एवढंच आहे, आणि ते त्यांच्या हातचं नाही.

झालं काय, ते आकड्यांत सांगतो. मिनिटाला १०० ठोके अशी लय धरा. म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत येतात. एक गट एका ठोक्यात बसवला तर मात्रा येतात ०, २०० आणि ४०० वर. माझ्या डब्याची जाळी होती ठोक्याच्या चार भागांची: ०, १५०, ३००, ४५०. मशीन प्रत्येक मात्रेला जवळच्या खुंटीवर टांगतं. २०० ची झाली १५०, ४०० ची झाली ४५०. दोनशे-दोनशेचं समान अंतर गेलं आणि दीडशे, तीनशे, दीडशे असं लंगडं अंतर आलं. चूक चाचांच्या हातात नव्हती, माझ्या जाळीत होती.

सरळ करण्याला माझा विरोध नाही. वरातीच्या गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल एकत्र पळवायचे तर कुणीतरी घड्याळासारखं वाजवावंच लागतं. रॉजर लिन या अमेरिकन माणसानं १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्ये ठोके सरळ करायची सोय दिली, तशी त्यांना झोल द्यायचीही दिली. डेट्रॉइटचा जे डिला अशाच पेटीवर ठोके मुद्दाम मागेपुढे ठेवत गेला. त्याची अकाई एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तेव्हा दोष मशीन नावाच्या जातीचा नाही. माझं भांडण मूळ पुसण्याशी आहे.

धुळ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जुने कागद गोळा केले, त्यांचे खंड छापले. पण छापून झालं म्हणून कुणी मूळ दप्तरं रद्दीत घातली नाहीत. त्यांच्या नावाच्या मंडळात ती जपली गेली. आमच्या पोरांनी ठेक्यांच्या बाबतीत एवढंच करावं.

आणि ते अवघड नाही. डब्यात मूळ राखायची सोय नसेल तर आधी पूर्ण ठेका दुसऱ्या रिकाम्या जागी कॉपी करायचा, आणि जे काय सरळ करायचं ते त्या कॉपीवर. पुष्कळ डब्यांत क्वांटाइझ रेकॉर्डिंग चालू असतानाच लागू होतं. तिथे ते आधी बंद करावं लागतं, नाहीतर कॉपी करायलाही काही उरत नाही. दादऱ्याला तीनच्या भागांची जाळी निवडा. वाटल्यास थाप सरळ करा, किनार मोकळी सोडा, त्यासाठी दोन वेगळे ट्रॅक घ्या. डबा अगदीच जाडाभरडा असेल, ठोक्याचे चोवीसच भाग मोजत असेल, तर जुनी युक्ती आहे: लय १८० वर ठेवा आणि ९० च्या चालीनं वाजवा. भाग दुप्पट बारीक होतात. मात्र जागाही दुप्पट खाल्ली जाते. शिवाय फोनवर आवाज टिपून ठेवा. मी तेवढंही केलं नव्हतं.

हे मनाला लागायचं आणखी एक कारण आहे. शाळेत मी 'माले' म्हटलं की गुरुजी 'मला' करून घेत. प्रमाण मराठी आली, तिच्यावरच मी आज पोट भरतो, तक्रार नाही. पण बाजारात अहिराणी कानावर पडत राहिली म्हणून माझी मूळ प्रत शाबूत राहिली.

चाचांच्या ठेक्यातल्या मात्रा मी हातानं परत २०० आणि ४०० वर नेऊन पाहिल्या. दादरा बरोबर झाला, चाचांचा झाला नाही. तिसरी मात्रा ते किंचित उशिरा टाकायचे. किती उशिरा, ते त्या पुसलेल्या आकड्यांतच होतं. येत्या रविवारी त्यांच्या मुलाला बोलावलंय. त्याचा हात बापासारखा आहे म्हणतात. टाइमिंगचं बटण मी आत्ताच बंद करून ठेवलंय.