उद्यान म्हणे उद्यान!

सरकारी मराठीत आयटी पार्कला ‘माहिती तंत्रज्ञान उद्यान’ म्हणतात. हा शब्द ज्याने पहिल्यांदा फायलीत खरडला, त्याला एकदा मे महिन्यात भर दुपारी पुण्याजवळच्या हिंजवडीच्या फेज टूमध्ये उभा करायला हवा. शोध म्हणावं उद्यान! सावलीला झाड शोध, टेकायला बाकडं शोध. दिसतील त्या काचेच्या इमारती, भोवती भिंत, भिंतीवर काटेरी तारा, फाटकाशी रखवालदार. आणि फाटकाबाहेर, धुरळ्यात, दुचाकीच्या सीटवर चहाचा कप ठेवून उभ्याउभ्या पोहे खाणारे इंजिनिअर.

मूळ इंग्रजी शब्द मात्र प्रामाणिक आहे. पार्क म्हणजे बाग, हा अर्थ बराच नंतरचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘पार्क’ म्हणजे कुंपण घातलेलं रान. राजाची सनद मिळवून सरदारांनी त्यात हरणं राखायची आणि सवडीने मारायची. रयतेने कुंपणाबाहेर राहायचं. पुढे छावणीत तोफा आणि गाडे रांगेने लावून ठेवायच्या जागेलाही पार्क म्हणू लागले. आपण गाडी ‘पार्क’ करतो, ती या तोफांच्या वंशातली. संध्याकाळी सात वाजता हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकात अडकलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग कारखान्यांना हे नाव चिकटलं कसं? मँचेस्टरजवळ ट्रॅफर्ड घराण्याचं असंच हरणांचं पार्क होतं. १८९६ साली ते विकलं गेलं. कारखाने आले, हरणं गेली, नाव तेवढं राहिलं. ट्रॅफर्ड पार्क ही जगातली पहिली आखीव औद्योगिक वसाहत. १९५१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या जमिनीवर हिरवळ राखून उद्योगांना जागा दिली, आणि धुराडं नसलेल्या वसाहतीला पार्क म्हणायची टूम जगभर पसरली. आपण ती उचलली. हिरवळ तेवढी उचलायची राहिली.

बरं, मराठीकडे शब्द नव्हता असंही नाही. रमणा! शिकारीसाठी राखलेलं, कुंपणातलं रान. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथे ब्राह्मणांना आत घेत आणि हातावर दक्षिणा ठेवून एकेकाला दारातून बाहेर सोडत. कार्ड टेकवून आत, मोबदला घेऊन बाहेर. हिंजवडीला याहून चपखल शब्द कुठली परिभाषा समिती देणार आहे? पण रमणा म्हटलं की कुंपण दिसतं. उद्यान म्हटलं की फुलं दिसतात.

माझा खरा राग पुढेच आहे. हिंजवडीत भूखंड पाडले ते एमआयडीसीने. भोसरीतही तिनेच पाडले होते. महामंडळ तेच, संपादनाच्या नोटिसा त्याच. तरी भोसरीत लेथवर उभा राहणारा ‘एमआयडीसीत कामाला’ जातो आणि हिंजवडीत संगणकापुढे बसणारा ‘आयटी पार्कला’ असतो. लग्नाच्या बायोडेटात पहिला शब्द वाचून स्थळ माघारी फिरतं, दुसरा वाचून फोन येतो. तेलकट हातांचा विटाळ नको म्हणून पाळलेलं हे शब्दांचं सोवळं आहे, आणि ते मला किळसवाणं वाटतं. शिवाय त्यात पार्कवाल्याचंच नुकसान. भोसरीत भोंगा झाला की सुट्टी होते. पार्कात भोंगा नाही, म्हणून सुट्टीही होत नाही. रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्या पोराला आपण कामगार आहोत हे कबूल करायची लाज वाटते.

पार्क म्हणजे काय, हे मराठी माणसाला पक्कं ठाऊक आहे. दादरला १९२५ साली माहीम पार्क झालं आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे त्याचं शिवाजी पार्क झालं. तिथे पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारे कट्ट्यावर बसतात, सभा गाजतात. गळ्यात पट्टा आहे का, असं कोणी विचारत नाही. सरदारांच्या राखीव रानाचा शब्द आपण सगळ्यांसाठी मोकळा केला होता, आणि हिंजवडीत पुन्हा त्याला कुंपण घातलं.

मागच्या पावसाळ्यात एका फाटकाशी पास बनायची वाट बघत उभी होते. रस्त्यावर पोटरीभर पाणी. ओढे बुजवल्यावर पाण्याने जावं कुठे? रखवालदार इथल्या माण गावचाच निघाला. रजिस्टर पुढे सरकवत म्हणाला, “ताई, त्या जनरेटरपाशी आमची विहीर होती. बापाला एकदा बघायची होती जागा. घेऊन आलो होतो.”

“मग?”

“‘कोणाला भेटायचंय’ हा रकाना कोरा राहिला. नाही सोडलं आत.”