काराजोर्जेला भित्रा म्हणणाऱ्यांना

सर्बियाची मुक्ती ही मिलोश ओब्रेनोविचच्या मुत्सद्देगिरीची कमाई. पहिल्या सर्ब उठावाचा नेता काराजोर्जे हा डुकरांचा व्यापारी, लुटारूंचा म्होरक्या आणि 1813 मध्ये सरहद्द ओलांडून पळालेला भित्रा, असे एका विद्वान वक्त्यांनी नुकतेच ठासून सांगितले. सभेत टाळ्या पडल्या. मला संताप आला.

डुकरे विकणे हा शुमादियातल्या शेतकऱ्याचा सरळ धंदा होता. लुटारूंबद्दल म्हणाल, तर खरे लुटारू होते दाहिये, म्हणजे बेलग्रेडची सत्ता बळकावलेले जॅनिसरी म्होरके. 1804 च्या आरंभी सर्ब गावप्रमुखांची कत्तल करणारे हे लोक ऑस्मानी सुलतानालाही जुमानत नव्हते; बेलग्रेडच्या वजिराला 1801 मध्ये त्यांनीच ठार मारले होते.

राहिला पळण्याचा आरोप. ओराशात्सला उठावाचा नेता म्हणून निवडून आलेल्या या माणसाने मिशारला तुर्की फौज मोडली, बेलग्रेड जिंकले आणि ऑस्मानी साम्राज्याशी नऊ वर्षे झुंज दिली. 1812 मध्ये नेपोलियन चालून येणार म्हणून रशियाने बुखारेस्टचा तह घाईने उरकला, सैन्य मागे घेतले, आणि सर्ब एकटे पडले. पुढच्या वर्षी तुर्की फौजा चहूकडून आत शिरल्या. त्या वेळी तो फौज सोडून ऑस्ट्रियात गेला, याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याच तहाच्या आठव्या कलमात सर्बांना माफी आणि अंतर्गत कारभार कबूल केला होता. 1826 चा आक्करमानचा करार, 1829 चा एड्रियानोपलचा तह आणि 1830 चे स्वायत्ततेचे फर्मान, सगळे याच कलमावर उभे आहेत. हे कलम कुणाच्या गोड बोलण्याने आले? मिलोशचा तुर्कांशी सौदा पटला तो नऊ वर्षांच्या रक्ताच्या जोरावर. मिलोश स्वतः त्याच पहिल्या उठावात सरदार होता, हे वक्ते सोयीने विसरले. तहाचे कैवारी कधी सांगत नाहीत की शत्रू बोलणी करायला येतो तो आधी मार खाल्ल्यावर.

काराजोर्जे तापट होता, क्रूरही होता. तरी युद्ध चालू असतानाच 1805 मध्ये शासनपरिषद उभी राहिली आणि 1808 मध्ये बेलग्रेडला उच्च विद्यालय निघाले. लुटारूंच्या टोळ्या शाळा काढत नाहीत.

1817 मध्ये नव्या उठावाच्या तयारीसाठी तो गुपचूप परतला. राडोवान्येला मिलोशच्या हुकमाने त्याचा खून झाला आणि मुंडके सुलतानाकडे रवाना झाले. भित्रा माणूस परत कशाला आला, याचे उत्तर त्या विद्वानांनी पुढच्या व्याख्यानात द्यावे.